हृदयाच्या धमनीला भोक पडते तेव्हा

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागात भामरागड आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा येथे संगम होतो. वर्षानुवर्षे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जाई आणि तालुक्याचे हे गाव उरलेल्या जिल्ह्यापासून तुटे. येथून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आणि नागपूर जवळपास साडेतीनशे किलोमीटर आहे.

समजा, या तालुक्यातील एका आश्रमशाळेच्या गुरुजींची नागपूरला अँजिओप्लास्टी झाली. महिन्याभराने ते शाळेत परतले. हृदयाच्या धमनीत फुगा नेऊन, तो फुगवून रक्ताची वाट कशी मोकळी केली हे त्यांनी मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारीलच, "गुरुजी, फुगवता फुगवता ती नळी फाटली असती तर?"

प्रश्न अगदी योग्य आहे. असे कधी कधी घडते. साधारणपणे १००० अँजिओप्लास्टींमध्ये दोन ते सहा वेळा धमनीला भोक पडते. प्रमाण कमी असले तरी घडल्यावर हाताशी फार थोडा वेळ असतो. अशा वेळी डॉक्टर काय करतात, आणि त्यामागे शाळेत शिकवले जाणारे कोणते विज्ञान आहे, हे या लेखात पाहू.

दोन मिलिमीटरची वाट

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, परंतु स्वतःच्या स्नायूंसाठी लागणारे रक्त ते आपल्या कप्प्यांतून थेट घेत नाही. महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन शाखा फुटतात. त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून वेलीसारख्या पसरत जातात. यांना हृद्धमन्या म्हणतात. त्यांचा व्यास मुळाशी तीन-चार मिलिमीटर असतो आणि टोकाकडे तो एका मिलिमीटरहूनही कमी होतो. विश्रांतीच्या वेळी या सर्व धमन्यांतून मिळून दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर रक्त वाहते. त्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचले की वाट अरुंद होते.

१९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आत सरकवली आणि क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन ती हृदयापर्यंत पोचल्याचे चित्र काढून घेतले. त्यांना १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांच्या हातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य अनपेक्षितपणे रुग्णाच्या हृद्धमनीत गेले. त्यातूनच या धमन्यांचे चित्र काढण्याची पद्धत, म्हणजे अँजिओग्राफी, उभी राहिली. पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे अँड्रियास ग्रुंटझिग यांनी जाग्या माणसाच्या हृद्धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला.

आज ही क्रिया पुढीलप्रमाणे होते. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून सुमारे २ मिलिमीटर जाडीची पोकळ नळी हृद्धमनीच्या तोंडाशी नेतात. नळीतून ०.३६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या चार-पाच पट जाड, मऊ टोकाची तार अरुंद जागेच्या पलीकडे सरकवतात. तारेवरून, रुळावरून डबा जावा तसा, मिटलेला फुगा जातो. तो द्रवाने फुगवला की साचलेला थर बाजूला दाबला जातो. मग तेथे धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. तारेचे टोक या सर्व काळात धमनीच्या दूरच्या भागात असते. ही तार पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

भोक का पडते

सायकलच्या टायरमधील हवेचा दाब तीन-चार वातावरणे असतो. हृद्धमनीतील फुग्यात मात्र दहा, प्रसंगी वीस वातावरणांपर्यंत दाब द्यावा लागतो. फुगा छोटा असल्याने हे चालते. नळीच्या भिंतीवरील ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दाब तोच ठेवून फुगा रुंद घेतला, तर ताण वाढतो. त्यामुळे धमनीच्या मापापेक्षा मोठा फुगा हे भोक पडण्याचे एक मुख्य कारण आहे.

दुसरे कारण कॅल्शियम. म्हाताऱ्या धमनीत चरबीच्या थराशेजारी कॅल्शियमचे क्षार साचून ती एका बाजूने टणक होते. फुगा फुगवला की टणक बाजू हलत नाही आणि सारा ताण समोरच्या मऊ बाजूवर येतो. तेथे ती फाटू शकते. तिसरे कारण म्हणजे ती तारच. गुळगुळीत लेप असलेली तार सहज पुढे सरकते, आणि तितक्याच सहजपणे बारीक फांदीच्या टोकाशी भिंतीतून आरपार जाऊ शकते. कित्येक महिने पूर्ण बंद असलेली धमनी उघडताना अधिक ताठ तारा वापराव्या लागतात, आणि तेथे हा धोका अनेक पट वाढतो.

१९९४ मध्ये एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भोकांची तीन प्रकारांत विभागणी केली. ती आजही वापरतात. पहिल्या प्रकारात भिंतीत खळगा पडतो, पण रक्त बाहेर जात नाही. दुसऱ्यात भोवतालच्या भागात रक्त पाझरल्याची धूसर छटा पडद्यावर दिसते. तिसऱ्यात एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या भोकातून रक्ताची धार बाहेर पडताना स्पष्ट दिसते. पहिल्या प्रकारात बहुधा थोडा वेळ लक्ष ठेवणे पुरते. तिसरा प्रकार प्राणघातक ठरू शकतो.

रक्त किती गेले, एवढाच प्रश्न नाही

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होतो. भोक पडले म्हणजे रक्त वाहून जाऊन माणूस दगावत असेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात १०० ते २०० मिलिलिटर रक्त, म्हणजे चहाचे एक-दोन कप, एवढ्यानेही जीव जाऊ शकतो. रक्तदानात आपण ३५० मिलिलिटर रक्त देतो आणि थोड्या वेळाने घरी चालत जातो. मग यात फरक कोठे आहे?

फरक रक्त कोठे जाते यात आहे. हृदयाभोवती दुहेरी पडद्याची पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. तिच्या दोन थरांत एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. पिशवीचा बाहेरचा थर चिवट असतो. नवी चामड्याची चप्पल महिनाभर वापरल्यावर सैल होते, पण पहिल्याच दिवशी ताणू म्हटले तर ताणत नाही. हृदयावरणाचेही तसेच आहे. एखाद्या आजारात महिनोन् महिने हळूहळू द्रव साचला, तर एक लिटरही मावतो. काही मिनिटांत शंभर-दोनशे मिलिलिटर आले, तर पिशवी ताणत नाही आणि आतील दाब झपाट्याने वाढतो.

आता दोन आकडे पाहू. डावे निलय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलते तेव्हा दाब सुमारे १२० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. पाण्याच्या स्तंभात मोजल्यास ही उंची सुमारे १६० सेंटिमीटर, म्हणजे पुरुषभर होते. परंतु शिरांतून उजव्या अलिंदात रक्त येते ते केवळ ५ मिलिमीटरच्या आसपास दाबाने. पाण्यात ही उंची जेमतेम ७ सेंटिमीटर आहे. हृदय रिकामे होते जोराने, भरते मात्र अगदी हलक्या दाबाने.

फुटलेल्या हृद्धमनीतील दाब शंभराच्या घरात असतो, त्यामुळे रक्त हृदयावरणात सहज शिरते. तेथील दाब दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत चढला, की सात सेंटिमीटर स्तंभाच्या जोरावर आत येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. अलिंद आणि उजवे निलय बाहेरून दाबले जातात. हृदय धडधडत राहते, पण त्यात भरायला रक्तच येत नाही. जे भरले नाही ते बाहेर कसे जाणार? रक्तदाब कोसळतो, मानेच्या शिरा टरारून फुगतात, छातीवर नळी लावली तर ठोके दूरून आल्यासारखे ऐकू येतात. या तीन लक्षणांची जोडणी १९३५ मध्ये क्लॉड बेक या अमेरिकी शल्यचिकित्सकाने मांडली. प्रत्येक रुग्णात तिन्ही दिसतीलच असे नाही. आता ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे इकोने, साचलेले रक्त थेट पाहता येते.

वर्गात करून पाहण्याजोगे

घट्ट झाकणाची काचेची किंवा जाड प्लास्टिकची बरणी घ्यावी. झाकणाला दोन भोके पाडून प्रत्येकात वैद्यकीय दुकानात मिळते तशी सलाईनची नवी नळी बसवावी आणि कडा मेणाने बंद कराव्यात. एका नळीच्या आतल्या टोकाला पातळ पॉलिथीनची लहान पिशवी बांधावी. हे आपले हृदय. बाहेरच्या टोकाला छोटे नरसाळे बसवून त्यात रंगीत पाणी घालावे, म्हणजे पिशवी अर्धी-अधिक भरेल. पिशवीभोवती बरणी साध्या पाण्याने काठोकाठ भरून, हवा राहू न देता, झाकण लावावे. हे हृदयावरण. नरसाळ्यातील पाण्याची पातळी झाकणापासून सातेक सेंटिमीटर उंच ठेवावी. दुसऱ्या नळीला सुई नसलेली, पाण्याने भरलेली मोठी पिचकारी जोडावी.

आता पिचकारीतील पाणी बरणीत ढकलावे. पिशवी चेपते आणि रंगीत पाणी नरसाळ्यात परत चढते. पिशवीतून एक थेंबही गळालेला नाही, तरीही ती रिकामी होत गेली! मग पिचकारी थोडी मागे ओढावी. पिशवी लगेच भरू लागते. खऱ्या रुग्णातही साचलेल्या रक्तापैकी ३०-४० मिलिलिटर बाहेर काढताच कोसळलेला रक्तदाब अनेकदा डोळ्यांदेखत वर येतो. कारण दाबाचा आलेख शेवटच्या टप्प्यात फार उभा चढतो, आणि तितक्याच उभेपणाने खाली उतरतो.

फुगा तेथेच ठेवायचा

भोक पडल्याचे पडद्यावर दिसले की पहिली नैसर्गिक प्रतिक्रिया सारे सामान बाहेर ओढण्याची असेल. नेमके तेच करायचे नसते. तार जागेवर ठेवतात, कारण भोकापर्यंत पोचण्याचा रस्ता तीच आहे. ती काढली तर फाटलेल्या धमनीत पुन्हा वाट शोधावी लागते, आणि ती सापडेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट फुग्याची. ज्या फुग्याने भोक पाडले तोच सर्वांत जवळचा असतो. तो भोकाच्या जागी, किंवा त्याच्या थोडा अलीकडे, हलक्या दाबाने पुन्हा फुगवतात. धमनी आतून बंद होते आणि धार थांबते. सायकलच्या ट्यूबला भोक सापडताच दुकानदार त्यावर अंगठा ठेवतो आणि मग ठिगळ शोधतो, तसेच हे आहे.

याची किंमतही मोजावी लागते. धमनी बंद असेपर्यंत पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. रुग्णाच्या छातीत दुखते. म्हणून पाच-दहा मिनिटांनी फुगा क्षणभर सैल करून पाहतात. गळती थांबली नसेल तर पुन्हा फुगवतात. लहान भोक असल्यास एवढ्यानेच ते बंद होऊ शकते.

दरम्यान इतर हात कामाला लागतात. इकोने हृदयावरणातील रक्त पाहिले जाते. रक्तदाब पडत असेल तर उरोस्थीच्या खालच्या टोकाजवळून किंवा फासळ्यांमधून लांब सुई हृदयावरणात घालून रक्त ओढून घेतात आणि तेथे बारीक नळी ठेवतात. काही वेळा काढलेले रक्त रुग्णाच्याच शिरेत परत सोडतात.

एक प्रश्न रसायनशास्त्राचाही आहे. अँजिओप्लास्टीच्या वेळी तारेवर गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन हे द्रव्य दिलेले असते. त्याच्या रेणूंवर मोठा ऋण प्रभार असतो. त्याचा परिणाम पुसण्यासाठी प्रोटामिन हे धन प्रभाराचे प्रथिन देतात. ते मूळचे सामन माशाच्या वीर्यातून मिळवलेले आहे. दोन्ही एकमेकांना धरून निष्क्रिय होतात. पण हे केव्हा द्यायचे हे ठरवावे लागते. धमनीत तार, फुगा, स्टेंट असताना रक्त एकदम गोठू लागले तर धमनीच बंद पडेल. गळती थांबवायची आणि गुठळी होऊ द्यायची नाही, या दोन गरजा येथे एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून बहुधा आतले काम संपत येईपर्यंत थांबतात.

आतून लावलेले ठिगळ

मोठे भोक फुग्याने बंद झाले नाही तर आच्छादित स्टेंट बसवतात. नेहमीचा स्टेंट जाळीचा असतो, त्यातून रक्त बाहेर जाईल. आच्छादित स्टेंटमध्ये जाळीला न झिरपणाऱ्या पातळ पडद्याचा थर जोडलेला असतो. ट्यूबचे ठिगळ बाहेरून लावतात, हे आतून लावलेले. त्याचे दोषही आहेत. तो जाड आणि ताठ असल्याने वळणावरून नेणे अवघड असते. त्याच्या जागी फुटणाऱ्या फांद्या त्याच्यामुळे बंद होतात. पुढे त्यात गुठळी होण्याची किंवा वाट पुन्हा अरुंद होण्याची भीती नेहमीच्या स्टेंटपेक्षा जास्त असते.

स्टेंट नेण्यासाठी फुगा काढावा, तर तेवढ्या वेळात धार सुरू होते. म्हणून काही वेळा दुसऱ्या धमनीतून दुसरी नळी हृद्धमनीच्या तोंडाशी आणतात. पहिल्या नळीतला फुगा भोक दाबून ठेवतो. दुसऱ्या नळीतून आच्छादित स्टेंट जवळ आला, की फुगा क्षणभर सैल करून स्टेंट पुढे घेतात. दोन नळ्या आळीपाळीने पुढे-मागे होतात, म्हणून या युक्तीला पिंगपाँग असे नाव पडले आहे.

भोक तारेमुळे टोकाच्या बारीक फांदीत पडले असेल, तर तेथे स्टेंट मावत नाही. तेव्हा ती फांदीच बुजवतात. अतिबारीक नळीतून धातूची छोटी वेटोळी सोडतात, किंवा रुग्णाच्याच कातडीखालील चरबीचा कण घेऊन तो बूच म्हणून वापरतात. त्या फांदीवर जगणारा स्नायूचा लहानसा तुकडा गमावला जातो. जीव वाचवण्यासाठी ही किंमत मान्य करावी लागते. यांपैकी काहीच साधले नाही तर छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागते.

हृदयाची जखम शिवता येते हे तसे जुने ज्ञान नाही. १८९६ मध्ये फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी सुऱ्याने भोसकलेल्या तरुणाचे हृदय यशस्वीपणे शिवले. त्यांनीही आधी जखमेवर बोट दाबून रक्त रोखले, मग टाके घातले. आधी भोक दाबायचे, नंतर दुरुस्ती करायची, हा क्रम तेव्हापासून बदललेला नाही.

भामरागडचा हिशेब

भामरागडजवळ हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे पहिली अनेक वर्षे विजेशिवाय रुग्णसेवा केली. अस्वलाने फाडलेल्या माणसांना त्यांनी टाके घालून वाचवले. धमन्यांचे आजार तेव्हा शहरी मानले जात. आता तसे म्हणता येत नाही. 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे तपासली. तेव्हा सुमारे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. पक्षाघात हाही बहुतांशी धमन्यांचाच आजार आहे.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार असेल तर ती सर्वोत्तम. तसे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध जवळच्या रुग्णालयात लवकरात लवकर द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवावे, असा सर्वमान्य नियम आहे. भामरागडहून दोन तासांत गडचिरोलीही येत नाही. म्हणून येथील रुग्णाला पहिली मदत औषधाची. फुगा नंतर.

दुसरा हिशेब परतीचा आहे. तारेच्या टोकाने पडलेले सुईएवढे छिद्र क्रियेच्या वेळी लक्षात येत नाही असे कधी कधी होते. रक्त थेंबाथेंबाने साचत राहते आणि काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, हृदय दाबले जाते. रुग्णाला त्या रात्री देखरेखीखाली ठेवण्याचे हेही एक कारण आहे. ज्याचे घर रुग्णालयापासून चार गल्ल्यांवर आहे तो धाप लागताच परत जाऊ शकतो. ज्याला साडेतीनशे किलोमीटर जायचे आहे त्याने घाईने निघू नये, केव्हा निघावे हे डॉक्टरांना आपले गाव सांगून विचारावे, आणि कागदपत्रे जवळ ठेवावीत. वाटेत घेरी, घाम, वाढती धाप, छातीत दडपण किंवा मानेच्या फुगलेल्या शिरा दिसल्या, तर घर न गाठता जवळचे रुग्णालय गाठावे आणि अँजिओप्लास्टी झाल्याचे आधी सांगावे. आच्छादित स्टेंट तेथे नसेल, परंतु इको आणि प्रशिक्षित हातातील सुई असेल तर पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळू शकतो.

शेवटी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी, कारण ती जंगलातही उपयोगी आहे. कोणाच्या छातीत बाण, सळई किंवा लाकडाचा तुकडा रुतला, तर तो उपसून काढू नये. रुतलेली वस्तूच भोकाचे बूच असते. ती हलणार नाही अशी कापडाने आधार देऊन बांधावी आणि माणसाला तसेच रुग्णालयात न्यावे. नागपूरच्या डॉक्टरने तार आणि फुगा का काढला नसता, हे मागच्या बाकावरच्या मुलीला यावरून समजेल.